वर्षातून एकदा मिळणारा मोफत पतअहवाल: घरच्या कर्जाचा हिशेब मांडायला कितपत उपयोगी?

घरातले कर्ज आटोक्यात आणून देतो असे सांगणाऱ्या गोष्टी सध्या बाजारात पुष्कळ आहेत. खर्च नोंदवणारी अ‍ॅप आहेत, सगळी कर्जे एकत्र करून एकच हप्ता बांधून देणारे दलाल आहेत आणि ‘सिबिल वाढवून मिळेल’ (सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक, क्रेडिट स्कोअर) अशी पाटी लावलेली कार्यालयेही आहेत. या सगळ्यांच्या आधी ज्याच्यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही असा एक कागद हाती घ्यावा, असे माझे मत आहे. तो कागद म्हणजे पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची आणि फेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, मिळणारा संपूर्ण अहवाल. माझ्या आतेभावाच्या घरची ओढाताण हाताबाहेर जाऊ लागली, तेव्हा त्याचा आणि वहिनींचा अहवाल काढून आम्ही तो ओळ न् ओळ वाचला. त्या अनुभवावरून आणि त्यानिमित्ताने तपासलेल्या नियमांवरून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी हक्क काय आहे ते सांगतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश काढून प्रत्येक पतमाहिती कंपनीला बंधनकारक केले की, मागणी करणाऱ्या व्यक्तीला वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल मोफत द्यावा. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, सहकारी बँका, गृहकर्ज कंपन्या व बिगरबँक वित्तसंस्था यांना या चौघींचेही सदस्य व्हावे लागते. त्यामुळे एका व्यक्तीला वर्षात चार मोफत अहवाल मिळू शकतात आणि ते एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एक असे काढले, तर वर्षभर लक्ष ठेवण्याची सोय फुकटात होते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होतो अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. कर्जासाठी अर्ज केल्यावर सावकार संस्था जी चौकशी करते तिचा परिणाम होतो, आपण पाहिल्याचा नाही.

अहवाल मिळवण्याची प्रक्रिया सोपी आहे. पॅन क्रमांक, जन्मतारीख, मोबाइलवर येणारा संकेतांक आणि एखाद-दुसरा पडताळणीचा प्रश्न, एवढ्यावर काम होते. मात्र या व्यवसायातल्या संकेतस्थळांची एक खोड सहन करावी लागते. महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरून घ्यायच्या योजना ठळक अक्षरांत पुढे येतात आणि मोफत अहवालाचा दुवा शोधावा लागतो. त्याहून अधिक सावध राहावे ते ‘मोफत स्कोर’ दाखवणाऱ्या मध्यस्थ अ‍ॅपबाबत. तिथे बहुधा गुणांक आणि थोडा गोषवारा मिळतो, बदल्यात आपला क्रमांक दिलेला असल्यामुळे कर्ज घ्या म्हणून फोन सुरू होतात. ज्या घराला कर्ज कमी करायचे आहे त्या घरात रोज नव्या कर्जाचे आमंत्रण येणे म्हणजे आगीत तेल. म्हणून थेट पतमाहिती कंपनीकडूनच अहवाल घ्यावा.

गुणांक ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो आणि लोकांचे सगळे लक्ष त्या एका आकड्यावर खिळते. घरच्या हिशेबासाठी त्याचा उपयोग जवळजवळ नाही. पुढची पाने खरी कामाची. तिथे प्रत्येक कर्जखात्याची स्वतंत्र नोंद असते: देणाऱ्या संस्थेचे नाव, कर्जाचा प्रकार, मूळ रक्कम, आजची शिल्लक, थकीत रक्कम, खाते उघडल्याची तारीख आणि बंद झाले असल्यास ती तारीख. त्याखाली महिन्यागणिक चौकटींची एक रांग असते आणि ती मागच्या ३६ महिन्यांपर्यंत जाते. चौकटीत ‘०००’ असेल तर त्या महिन्यात काही थकलेले नव्हते. ‘०३०’ असेल तर हप्ता तीस दिवस थकला होता. ‘एक्सएक्सएक्स’ असेल तर संस्थेने त्या महिन्याची माहितीच कळवलेली नाही. भावाच्या दुचाकीच्या कर्जाची रांग वाचताना दरवर्षी जून-जुलैच्या चौकटींत हप्ता मागे पडलेला दिसला. शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि रिक्षावाल्या काकांचे आगाऊ पैसे एकाच महिन्यात येतात, हे घरात सगळ्यांना माहीत होते. पण त्याचा हप्त्यावर दरवर्षी नेमका तोच परिणाम होतो, हे कागदावर पाहिल्याशिवाय कोणी मान्य केले नसते.

आणखी एक रकाना दुर्लक्षून चालत नाही, तो म्हणजे खात्याशी आपले नाते काय याचा. स्वतःचे कर्ज, संयुक्त कर्ज आणि जामीनदार म्हणून सही केलेले कर्ज, असे वेगवेगळे उल्लेख तिथे असतात. आपल्याकडे सहकाऱ्याला, मेहुण्याला, शेजाऱ्याला जामीन राहणे हा भिडेचा विषय असतो. सही करून माणूस विसरून जातो. भावाच्या अहवालात एका जुन्या सहकाऱ्याचे वैयक्तिक कर्ज जामीनदार या शीर्षाखाली उभे होते आणि त्याच्या ताज्या चौकटीत ‘०६०’ होते. वहिनींनी विचारले, “अहो, हे तर आपल्या यादीत नव्हतंच. उद्या त्यांनी नाही भरलं तर?” या प्रश्नाचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे: जामीनदाराची जबाबदारी मुख्य कर्जदाराइतकीच असते आणि संस्था थेट जामीनदाराकडेही वसुली मागू शकते. निदान ती शक्यता घरच्या हिशेबात धरली गेली आणि सहकाऱ्याशी बोलणेही झाले.

हप्त्यावर घेतलेल्या वस्तू आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ छापाची खाती वाचताना गोंधळ होतो, कारण अ‍ॅपचे किंवा दुकानाचे नाव एक असते आणि पैसे देणारी बिगरबँक वित्तसंस्था वेगळीच असते. अहवालात नाव तिचे येते. अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच फसवणूक झाली असे समजू नये. रक्कम आणि तारीख जुळवून पाहावी. सोनेतारणाचेही तसेच. दरवेळी नूतनीकरण केले की बहुधा नवे खाते उघडले जाते, त्यामुळे एकाच पाटल्यांच्या जोडीवर अनेक कर्जे घेतल्यासारखे दिसते. बंद झालेली खाती बाजूला काढली की यादी बरीच आखूड होते.

आता उणिवा सांगतो, कारण त्या लहान नाहीत. पहिली म्हणजे व्याजदराचा रकाना पुष्कळदा रिकामा असतो. कोणते कर्ज आधी फेडायचे हे ठरवताना सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच, आणि तो कर्जाच्या करारातून किंवा मासिक विवरणातून शोधावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून घेतलेल्या किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, मुदतीच्या कर्जांबरोबर मुख्य अटींचे विवरण मिळायलाच हवे, त्यात वार्षिक दर सर्व शुल्कांसह दिलेला असतो. जुन्या कर्जांसाठी मात्र फायली उपसण्याला पर्याय नाही. दुसरी उणीव अशी की अहवाल पॅननुसार व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. नवरा-बायकोने आपापले अहवाल काढून शेजारी ठेवल्याखेरीज घराचे चित्र पुरे होत नाही, आणि त्यातही गृहकर्जासारखे संयुक्त कर्ज दोन्हीकडे दिसते, ते दोनदा मोजायचे नाही. तिसरी उणीव आपल्या भागासाठी सर्वांत मोठी आहे. गावच्या किंवा नोकरदारांच्या पतसंस्थेचे कर्ज, भिशीतून आधी उचललेली रक्कम, सराफाकडे ठेवलेला दागिना, किराणा दुकानाची उधारी आणि मामाकडून घेतलेले हातउसने यांपैकी बहुधा काहीच अहवालात येत नाही. भावाच्या पगारातून पतसंस्थेचा हप्ता परस्पर कापला जातो; तो अहवालात नसल्यामुळे यादीबाहेर राहू नये म्हणून पगाराची पावतीही सोबत ठेवावी लागली. शिवाय आमच्यापुढचा अहवाल इंग्रजीत होता, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तो समजावून सांगण्यात वेळ गेला.

अहवाल आणि हे बाहेरचे देणे मिळून एका वहीत पाच रकाने आखले: कोणाचे, शिल्लक किती, हप्ता किती, दर किती, महिने किती उरले. त्यात क्रेडिट कार्डाची ओळ सर्वांत लहान रकमेची असूनही सर्वांत महाग निघाली. शिल्लक ६०,००० रुपये आणि दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. महिन्याचे व्याज २,१०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८ रुपये. विवरणात ‘किमान देय रक्कम’ पाच टक्के धरून ३,००० रुपये लिहिलेली होती, आणि दर महिन्याला तेवढीच भरली जात होती. त्या तीन हजारांतून मुद्दलात जात होते ५२२ रुपये. शिवाय मागची शिल्लक राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे त्या कार्डावर घेतलेल्या भाजीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. दुसरीकडे बँकेत याच घराची एक मुदत ठेव सात टक्क्यांच्या आसपास व्याजावर पडून होती, कारण ‘ठेव मोडायची नसते’. ती मोडली आणि कार्ड निल केले. कार्ड बंद करण्याची विनंती आल्यावर, बाकी काही देणे नसेल तर, बँकेने ती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची असते आणि उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम इथे उपयोगी पडतो. गृहकर्ज मात्र आहे तसेच चालू ठेवले. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचे शुल्क लागत नाही हे खरे, पण सर्वांत स्वस्त कर्ज आधी फेडण्याची घाई करण्यात अर्थ नव्हता.

खर्चाबद्दल हा अहवाल मौन बाळगतो, आणि ती अपेक्षाही करू नये. वाणसामान, पेट्रोल, गणेशोत्सवाची वर्गणी, लग्नातला आहेर, यूपीआयने दिवसभर जाणारे वीस-तीस रुपये यांसाठी स्वतंत्र नोंद लागतेच. अहवालाने एवढेच केले की कोणत्या महिन्यात घर हमखास कोलमडते ते दाखवले, आणि त्यावरून वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला, म्हणजे फी, विम्याचा हप्ता, दिवाळी, बाराने भागून दरमहा वेगळ्या खात्यात ठेवायचे ठरले.

चुकीची नोंद आढळल्यास दुरुस्तीची सोय मोफत आहे. पतमाहिती कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही. ती तक्रार कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पाठवते आणि तिच्या दुजोऱ्यानंतरच बदल होतो. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि तरीही काम झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. ‘सिबिल वाढवून’ देणारी कार्यालये पैसे घेऊन याहून वेगळे काही कायदेशीर काम करू शकत नाहीत. एक सावधगिरी मात्र महत्त्वाची: वसुलीवाल्याने “थोडे भरा, बाकी सोडून देतो” असे सांगितले आणि त्याप्रमाणे तडजोड केली, तर खाते ‘बंद’ म्हणून नव्हे तर ‘तडजोडीने मिटवलेले’ म्हणून नोंदले जाते, आणि पुढचा सावकार ती नोंद वर्षानुवर्षे वाचतो. भरण्याची ऐपत असेल तर पूर्ण भरून नादेय दाखला, म्हणजे काही देणे उरले नाही असे पत्र, घेणे केव्हाही बरे.

ज्यांची देणी मुख्यतः बँका, वित्तसंस्था आणि कार्डांची आहेत अशा नोकरदार कुटुंबाला हा अहवाल मी निःशंक सुचवेन. ज्यांचे देणे बहुतांशी पतसंस्था, भिशी आणि नातेवाईक यांच्यात अडकले आहे त्यांना त्यातून फारसे हाती लागणार नाही. त्यांनी वही आणि पासबुके घेऊन बसावे. आमच्या बाबतीत आता दुसऱ्या कंपनीचा अहवाल काढायची वेळ जवळ आली आहे. जानेवारी २०२५ पासून संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागत असल्यामुळे फेडलेल्या कार्डाच्या नोंदीत बंद झाल्याची तारीख आणि शून्य शिल्लक दिसायला हवी. ती दिसली नाही, तर तक्रारीसोबत जोडायला बँकेचे पत्र फायलीत लावून ठेवले आहे.