शेवटच्या माणसाच्या वेगाने

‘निसर्गाशी एकरूप व्हा’ अशी जाहिरात दिसली की मी सहसा पुढे सरकते. निसर्गात मिळून चालणाऱ्या या गटात गेले ते रक्तदाब आणि मोडकी झोप या दोन कारणांसाठी. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि एकटीने चालणं काही केल्या टिकत नव्हतं.

पहिली चांगली गोष्ट थांब्यावर कळली. बहुतेक गटांत पुढचे लोक पोचतात, टेकतात, पाणी पितात आणि मागचा धापा टाकत आला की ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विसावा हवा त्यालाच तो मिळत नाही! इथे शेवटच्या माणसाचा श्वास खाली बसेपर्यंत कुणी उठत नाही. सगळ्यात मागे आयोजकांचाच एक माणूस असतो, त्यामुळे आपण मागे पडलो ही भावनाच येत नाही. वेगाचं त्यांचं माप सोपं आहे: चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. खुशाल गाता येत असेल तर पाय उचला.

मधला एक टप्पा न बोलता चालायचा, फोन पिशवीत. तो संपला की लोक जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. दोघांचीही नजर पायवाटेवर असते, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून अवघड गोष्टीही सहज निघतात. समोरासमोर खुर्च्या मांडून मला हे कधीच जमलं नसतं.

२०१५ साली ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी गटाने चालण्यावरच्या ४२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. रक्तदाब, विश्रांतीतली नाडी आणि नैराश्य मोजणाऱ्या चाचणीतले गुण यांत सुधारणा दिसली, शिवाय मध्येच सोडून जाणारे कमी होते. माझ्या दृष्टीने हे शेवटचंच महत्त्वाचं. वाट पाहणारं कुणी असलं की अंथरूण सुटतं.

आता तक्रारी. ‘वनस्नान’, म्हणजे झाडांमध्ये शांतपणे रमत फिरणं, ‘ही प्राचीन जपानी परंपरा’ असं मार्गदर्शक ठासून सांगतात. प्रत्यक्षात जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये त्या नावाने मोहीम सुरू केली. हे एक वेळ चालेल. पण ‘औषधांशिवाय नैराश्यमुक्ती’ असं माहितीपत्रकात छापणं मला गैर वाटतं. गोळ्या चालू असलेल्या माणसाने चालावं जरूर, पण गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. नोंदणीच्या फॉर्मवर दमा, गुडघे, चालू औषधं यांबद्दल एकही प्रश्न नाही. उताराची वाट असताना तो हवाच. गुडघा दुखरा असेल तर काठी स्वतःची न्या, त्यांच्याकडे मिळत नाही.

आणि शेवटचं ते वर्तुळ. प्रत्येकाने आज काय वाटलं ते एका शब्दात सांगायचं, सुटका नाही. गट मी सोडणार नाही, पण वर्तुळ जमू लागलं की माझ्या बुटात हमखास खडा जातो.