‘ऑल इंडिया लायसन्स’ काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

माझे एकूण १,४३,६०० रुपये गेले. फाईलचे ५,१००, हत्याराच्या लायसन्सचे ४५,०००, रिव्हॉल्व्हरच्या बुकिंगचे ७५,००० आणि ‘तोवर घरात असू द्या’ म्हणून गळ्यात मारलेल्या एअर पिस्तुलाचे १८,५००. आकडे मुद्दाम फोडून लिहितोय. हे पैसे घेणारा एजंट अजून बाहेर फिरतोय आणि याच टप्प्यांनी दुसऱ्या कुणाकडून तरी पैसे काढत असणार. सांगली, मिरज, तासगाव, विटा, पार कराड-साताऱ्यापर्यंत त्याची ऊठबस आहे, असं तो स्वतःच सांगायचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ऐकणारे पहिलं तेच बोलतात. मला बंदूक लग्नाच्या वरातीत मिरवायला नको होती. आमचं घर तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात, गावापासून लांब, मळ्यात. बेदाण्याच्या हंगामात मी रात्र रात्र शेडवर असतो आणि घरात आई, आण्णा, बायको आणि दोन पोरं. पलीकडच्या वस्तीवर दरोडा पडला, म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं, कानाची पाळी फाटली. त्यानंतर आमच्या घरात कुणाला झोप नव्हती. मी सरळ मार्गानंच गेलो होतो. ए-१ नमुन्यात, म्हणजे हत्यार परवान्याच्या सरकारी फॉर्मवर, अर्ज केला, सातबारा जोडला, पोलीस पाटलाचा जबाब झाला. फाईल चौकशीत गेली ती गेलीच. मंजूर नाही, नामंजूर नाही. विचारायला गेलं की ‘साहेब बंदोबस्तात आहेत’. अशा वेळी ओळखीतल्या माणसानं ‘आपल्या मेजरना भेट’ म्हटलं, तर कोण जाणार नाही?

हा ‘मेजर’ म्हणजे स्वतःला माजी सैनिक म्हणवणारा एजंट. आमच्याकडं फौजेतनं आलेल्या माणसाच्या शब्दाला किंमत असते, घरटी एक जवान देणाऱ्या गावांचा हा मुलूख आहे. त्यानं नेमकी तीच किंमत वापरली. सांगलीत ऑफिस, भिंतीवर वर्दीतला फोटो, टेबलावर फायलींची चळत. आणि बोलणं सगळं हत्यारांचं.

फास कुठं होता ते आता कळतंय. लायसन्सचं त्यानं पाच मिनिटांत उरकलं आणि तासभर ‘घरासाठी कुठलं हत्यार बरं’ यावर बोलला. १२ बोअरची दुनळी घरात वळवायला अवघड, पिस्तुलाचं मॅगझिन अडकू शकतं, रिव्हॉल्व्हर साधं, सहा गोळ्या, वहिनींनाही चालवता येईल. मग कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर, २०१४ ला आलेलं ‘निर्भीक’, त्याचं वजन पाचशे ग्रॅम, किंमत लाखाच्या वर. बरीचशी माहिती खरी होती. म्हणूनच विश्वास बसला. माणूस हत्यार निवडायच्या नादाला लागला, की लायसन्स मिळणारच असं त्यानं मनात धरलेलं असतं.

खरी गोष्ट उलटी आहे आणि ती मला नंतर एका वकिलांनी दाखवली. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये, स्वसंरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक मागितली, म्हणजे आपली बारा बोअर, तर अर्ज नाकारायला ठोस कारण नसेल तेव्हा परवाना द्यावा असं लिहिलंय. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी मात्र तुमच्याकडं सबळ कारण आहे हे अधिकाऱ्याला पटावं लागतं. म्हणजे मळ्यातल्या शेतकऱ्याला जे मिळायची शक्यता जास्त, त्यापासनं त्यानं मला हटवलं आणि जे महाग आणि अवघड, त्याकडं वळवलं. बुकिंगची रक्कम त्यातच मोठी होते ना!

५,१०० पहिल्याच दिवशी रोख घेतले. पावती नाही. ४५,००० एका बाईच्या नावावरच्या खात्यात फोनवरनं टाकायला लावले, म्हणे ऑफिसच्या अकाउंटंट आहेत. परवान्याची सरकारी फी चलनानं सरकारी तिजोरीत जाते. ती कुणाच्या वैयक्तिक खात्यात कधीच जात नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा.

आणि मग ते पुस्तक आलं. लाल रेक्झिनचं, फोटो चिकटवलेला, गोल शिक्का, ईशान्येकडच्या एका राज्यातल्या जिल्हाधिकाऱ्याची सही. मी तिकडं जन्मात गेलेलो नाही. मी विचारलं, नाही असं नाही. म्हणाला, ‘दादा, आपल्या खानापूर-आटपाडीची गलाईवाली पोरं देशभर आहेत, सगळ्यांची लायसन्सं अशीच निघतात. हे ऑल इंडिया आहे. नंतर इथं पत्ता बदलून घेऊ.’ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी आमचे लोक कुठं कुठं गेलेत हे आम्हाला माहीत, त्यामुळं ते खरं वाटलं.

त्याच पुस्तकाच्या आतल्या पानावर मुदत लिहिली होती, तीन वर्षं. त्या ओळीवर मी बोट ठेवलं होतं, नूतनीकरण कधी येतंय ते बघायला. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरनं पाच वर्षं झालीय! एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, ती दोनवर आली, तीही त्याच दुरुस्तीत. म्हणजे ज्यानं ते पुस्तक छापलं त्याच्याकडं जुना नमुना होता. सगळी लबाडी त्या एका आकड्यात उघडी पडली होती आणि माझं बोट त्याच्यावर होतं. रात्री आडवं झालं की ते पान डोळ्यांसमोर येतं. पण कायदा कधी बदलला हे द्राक्षबागायतदाराला कुठनं ठाऊक असणार? मला द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं औषध कधी मारायचं ते विचारा. परवान्याच्या मुदती जाहीर करायचं काम ज्यांचं, त्यांनी कुठल्या चावडीवर कधी बोर्ड लावला?

पुस्तक हातात आल्यावर ७५,००० गेले, रिव्हॉल्व्हरच्या बुकिंगला. मग उशिराची कारणं सुरू झाली. आचारसंहिता लागलीय, लोकांची हत्यारं जमा होतायत, डिलिव्हरी बंद आहे. निवडणुकीत हत्यारं जमा करून घेतात हे खरं असल्यानं तेही पटलं. दरम्यान एअर पिस्तूल. ‘याला लायसन्स लागत नाही.’ तेही खरंच, .१७७ इंचापर्यंतच्या नळीच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या जोराच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण त्यातनं सुटतो तो छर्रा. डब्यावर नेम धरायला ठीक, दरोडेखोरासमोर ते काढलं तर समोरचा बिथरून कोयता चालवेल. दुकानदारानं नंतर सांगितलं, सहा हजारांची वस्तू आहे. मी १८,५०० दिले.

फोन बंद, ऑफिसला आधी कुलूप, नंतर आत दुसराच भाडेकरू.

आता तक्रारीचं ऐका. एका ठाण्यात गेलो तर, ‘पैसे फोनवरनं गेलेत, सायबरला जा.’ तिथं म्हणाले, ‘तुम्ही समोरासमोर भेटला होता, हे आमचं नाही.’ ज्या हद्दीत ऑफिस होतं तिथं गेलो, तर अंमलदारानं पुस्तक उलटंपालटं केलं आणि माझ्याकडंच बघून म्हणाला, ‘बोगस लायसन्स तुमच्या नावावर आहे, गुन्हा तुमच्यावर दाखल करायचा का?’ आईच्या वयाच्या बाईचा कान फाटला तेव्हा हे लोक उजाडल्यावर आले. माझा सरळ अर्ज धूळ खात ठेवला. आणि फसलेला माणूस दारात आला तर त्यालाच आरोपीच्या बाकड्यावर बसवायची भाषा! नुसता पोच द्या म्हटलं, तर शिक्का सापडेना. जागरूक राहा म्हणून पत्रकं वाटायची, आणि कुणी तक्रार घेऊन आला की हद्द दाखवायची. जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हद्द कुठलीही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. हे मी, शेतकऱ्यानं, वर्दीतल्या माणसाला वाचून दाखवायचं? दाखवलं. तेव्हा अर्ज घेतला, तोही ‘चौकशीअर्ज’ म्हणून. शेवटी पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लेखी पाठवलंय.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा. मी आधी ठाण्यांच्या पायऱ्या झिजवल्या, तोवर खातं रिकामं झालं होतं.

‘दुसऱ्या राज्याचं पुस्तक खरं असतं’ असं कुणी सांगितलं तर जम्मू-काश्मीरचं आठवा. २०१२ ते २०१६ मध्ये तिथं २.७८ लाखांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिल्याच्या आरोपावरनं सीबीआयनं चौकशी केली. पुस्तक अस्सल छापलेलं असलं तरी ते तुम्हाला वाचवत नाही. परवान्यावर यूआयएन, म्हणजे त्या परवान्याचा स्वतंत्र ओळख नंबर, असतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत तपासून मागा. पोलीस चौकशी न होता परवाना आला तर तो बोगस असेल असंच धरून चला. आधी परवाना, मग परवानाधारक दुकानातनं हत्यार. परवान्याआधी बुकिंग मागणारा चोर समजा. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागा, अपील करता येतं.

रिव्हॉल्व्हर मिळालं नाही याचं आधी दुःख होतं. वकील म्हणाले, मिळालं असतं तर तुम्ही आत असता. विनापरवाना हत्यार बाळगायला शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली किमान दोन वर्षं, वर पाचपर्यंत. या बोगस पुस्तकांवर कुणी खरंच हत्यार घेऊन बसलं असेल तर त्यानं आजच वकिलाला गाठावं. ज्यांचे नुसते पैसे गेलेत, त्यांनी लाजेपायी गप्प बसू नये. आपापल्या ठाण्यात लेखी द्या आणि अर्जात त्या बाईच्या खात्याचा नंबर लिहा. एकाच खात्याविरुद्ध चार तक्रारी आल्या, की हद्दीचं कारण सांगणं त्यांना जड जाईल.