चिठ्ठ्यांचा डबा: निबंधाच्या तासाला आठ महिने वापरल्यावर

जूनपासून आठवीच्या वर्गात निबंधाच्या तासाला मी एक प्रकार वापरतेय, आता फेब्रुवारी संपत आला, म्हटलं मराठी शिकवणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून नीट लिहून टाकावं. प्रकार अगदी साधा आहे. विषय फळ्यावर लिहायचा, मग डब्यात न बघता हात घालून एक चिठ्ठी काढायची, तिच्यावर जो शब्द निघेल त्याचा विषयाशी काडीचा संबंध नसतो, आणि तरी त्या शब्दाचं बोट धरूनच विषयात शिरायचं.

ही वेळ का आली ते सांगते. "पावसाळ्यातील एक दिवस" दिला की वर्गातल्या एकूणएक वह्यांमध्ये सृष्टीने हिरवा शालू नेसलेला, मोर नाचतोय आणि शेवटी गरमागरम भजी. आमचा भाग माण तालुक्यातला, इथं पाऊस कसा हुलकावणी देतो ते पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी वहीत मोर. पोरांचा दोष नाही हो, पाऊस म्हटलं की डोकं गाईडच्याच वाटेनं जातं, कारण ती वाट मळलेली आहे.

ही पद्धत मुळात एडवर्ड डी बोनो यांची. माल्टामध्ये 1933 साली जन्मलेले डॉक्टर, 2021 मध्ये गेले. लॅटरल थिंकिंग, म्हणजे मळलेली वाट सोडून आडवाटेनं विचार करणं, हा शब्द 1967 मध्ये त्यांनीच रूढ केला. त्यांचं एक उदाहरण मला फार आवडतं: झेरॉक्स मशीनमध्ये सुधारणा काय करता येईल असा प्रश्न, आणि आंधळेपणानं उचललेला शब्द निघाला "नाक". नाकावरून वास, आणि वासावरून कल्पना अशी की मशीनमधला कागद संपला की ठराविक वास यावा, म्हणजे मशीनकडे न बघताच कळेल. झेरॉक्सवरून विचार सुरू करून वासापर्यंत कोण पोचलं असतं? ते म्हणायचे की घरातून निघालो की आपण रोजच्याच रस्त्यानं जातो, पण कुणी गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं तर घरी येताना एखादा वेगळाच रस्ता सापडतो. चिठ्ठीवरचा शब्द म्हणजे ते दुसरं टोक.

आता शब्द आणायचे कुठून, यात माझे पहिले दीड महिने गेले. आधी मोबाईलवर शब्द काढून देणारं एक ॲप घेतलं, त्यात "प्रक्रिया", "संबंधित", "उपलब्धता" असले शब्द यायचे, असल्या शब्दाला पोरं धरणार कुठून? मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश, 1857 ची दुसरी आवृत्ती नेटवर शोधता येते, मला स्वतःला तो जीव की प्राण आहे, पण त्यातले निम्मे शब्द पोरांनी ऐकलेलेच नसतात, मग तास अर्थ सांगण्यातच जातो. डी बोनो साठ शब्दांची यादी करून घड्याळाचा सेकंद काटा बघायला सांगतात, म्हणजे काटा 27 वर असेल तर सत्ताविसावा शब्द. तेही चाललं, पण वर्गाला मजा आली ती डब्याची. शेवटी मी प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितलं की हात लावता येईल अशाच वस्तूंची नावं लिहा. अडकित्ता, उंबरा, दावं, विळी, चिमटा, एसटीचं तिकीट, सायकलची चेन, फुटकी बादली! श्रीखंडाचा एक किलोचा डबा काठोकाठ भरला. तेव्हापासून गाडी रुळावर आली.

एकच नियम मी कडक ठेवलाय आणि आठ महिन्यांनंतर माझं ठाम मत आहे की सगळा जोर त्यातच आहे: आलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. "बाई हा नको, दुसरा काढू?" हे दर वेळी होतं. दुसरा काढू दिला की पोरं विषयाला जुळणारा शब्द येईपर्यंत काढत बसतात, आणि जुळणारा शब्द मिळाला की परत मोर आणि भजी.

पावसाळ्याच्या निबंधाला चिठ्ठी आली "किल्ली". पाच मिनिटं वर्ग नुसता बसून. मग एका मुलानं लिहिलं ते असं: शाळा लवकर सुटली, घराला कुलूप, किल्ली आईकडे, आई ओढ्यापलीकडं बाजरी खुरपायला आणि ओढ्याला पाणी आलेलं. तो दप्तर पोटाशी धरून ओसरीवर बसला. पत्र्यावरच्या पागोळ्यांनी अंगणात एका रेषेत खळगे पाडले होते ते त्यानं मोजले, सतरा. आई आली तेव्हा तिचा पदर ओला होता पण किल्ली पदराच्या गाठीत कोरडी होती. दहा ओळींचा निबंध, शुद्धलेखनाच्या नऊ चुका, आणि मी तो स्टाफरूममध्ये दोनदा वाचून दाखवला.

दुसरी युक्ती इटलीच्या जान्नी रोदारी यांची, ते मुलांसाठी लिहायचे, बालसाहित्यासाठीचा 1970 चा अँडरसन पुरस्कार त्यांना होता आणि तरुणपणी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. ते एकमेकांपासून लांबचे दोन शब्द घ्यायचे, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, आणि मध्ये वेगवेगळे जोड घालून बघायचे. हे वाचलं आणि मला वाटलं अरे ही तर आपली विभक्ती! षष्ठी लावा, कुत्र्याचं कपाट. सप्तमी लावा, कपाटात कुत्रा. शब्दयोगी लावा, कपाटामागे, कपाटासाठी, कपाटाशिवाय. जी पोरं विभक्तीचा तक्ता बघून जांभया द्यायची ती आता आपणहून प्रत्यय लावून बघतात. "माझी शाळा" ला "दावं" आलं तेव्हा एका मुलीला "दाव्यापासून शाळा" हे सापडलं. सकाळी शेरडीला दाव्याला बांधून ती शाळेत येते आणि तिसऱ्या तासाला तिच्या मनात येतं की दावं खुंटीला गुंडाळून शेरडी अडकली तर नसेल. वर्षभर ती मुलगी तिसऱ्या तासाला खिडकीबाहेर का बघते ते मला त्या दिवशी कळलं.

कमी कुठं पडतं तेही सांगते. पत्रलेखन, बातमी, सारांश यांना उपयोग शून्य, तिथं डबा काढूच नका. काही पोरं नेहमीचाच निबंध लिहून शेवटच्या ओळीत चिठ्ठीचा शब्द चिकटवतात, त्यावर उपाय म्हणून आता शब्द पहिल्या तीन ओळींत आलाच पाहिजे असं केलंय. मध्ये एक महिना मी रोज वापरलं तर पोरं कंटाळली, आठवड्यातून एकदाच बरं. आणि एका पालकानं विचारलं, परीक्षेत चिठ्ठी येणार आहे का? प्रश्न योग्य आहे. म्हणून दिवाळीनंतर पोरांना शिकवलं की पेपरच्या वेळी बाकाखाली, खिडकीत जी पहिली वस्तू दिसेल तिलाच चिठ्ठी समजायचं.

गॅदरिंगच्या नाटिकेला मी स्वतःसाठीही चिठ्ठी काढली. विषय पाणी, दोन आठवडे मला घोषणांपलीकडे काही सुचत नव्हतं. निघालं "चप्पल". रेशनच्या रांगेत माणसं चपला ठेवून सावलीत जाऊन बसतात ना, तशी टँकरच्या रांगेत चपला उभ्या आहेत आणि आपापल्या मालकाच्या घरचं बोलतायत, अशी नाटिका लिहिली. एका रात्रीत लिहून झाली. पोरांनी घरून खऱ्या चपला आणल्या होत्या, आजीच्या, बापाच्या, एकीला तार बांधलेली.

जूनमध्ये नवी आठवी येईल तेव्हा डबा रिकामा करून त्यांच्याकडून त्यांचे शब्द लिहून घेणार आहे. "किल्ली" ची चिठ्ठी मात्र काढून ठेवलीय.