इंदूरला फॅमिली घेऊन जाताय? राजवाड्याजवळ राहावं की विजयनगरला

इंदूरला राहायचे खरे पर्याय दोनच, जुन्या गावात राजवाड्याच्या आसपास नाहीतर विजयनगर. पलासिया, गीताभवन वगैरे मधे आहे, पण फॅमिलीवाले फिरून फिरून शेवटी या दोघांवरच येतात. आमचं रामबागेतलं घर बाबांच्या माघारी विकलं, मावशी अजून तिथंच राहते पण तिच्याकडे दोनच खोल्या, त्यामुळे आता आपल्याच गावात हॉटेल शोधायची वेळ आलीय आणि आमचं दोन्हीकडे राहून झालंय. पोहे-जिलबी, सराफा, छप्पन म्हणजे काय ते सांगत बसत नाही, ते ठाऊक असल्याशिवाय कोणी इंदूरचं तिकीट काढत नाही.

विजयनगरचं आधी सांगतो कारण तिकडची बाजू कागदावर भक्कम आहे. हॉटेलं नवी, खोल्या ऐसपैस, बाथरूममधे गरम पाण्यासाठी कुणाला फोन लावावा लागत नाही, गाडी थेट दारात. पोरांना मॉल, मेघदूत गार्डन जवळ. खजराना गणपतीही त्याच बाजूला, सकाळी लवकर गेलं तर दर्शन पटकन होतं (बुधवारी मात्र नको, तेव्हा अख्खं इंदूर तिथं असतं). उज्जैनला एक दिवस जायचं असेल तर गावात न शिरता एमआर टेन या रस्त्याने बाहेर पडता येतं, ५५ किलोमीटरचाच तर रस्ता. माझ्या बायकोचं मत अजूनही विजयनगर, आणि सासूबाईंचंही, ते इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

आता अडचण. इंदूरचा दिवस मधेच तुटतो. राजवाडा, लालबागचा महाल हे सगळं पाचच्या सुमाराला बंद व्हायला लागतं (आणि सोमवारी मुळात उघडतच नाही, कित्येक जण नेमके सोमवारीच जाऊन दारावरचं कुलूप बघून येतात). आणि सराफा? दागिन्यांची दुकानं बंद झाल्याशिवाय त्यांच्या ओट्यापुढे खाण्याच्या गाड्या लागत नाहीत, म्हणजे साडेनऊ-दहा. खरा रंग त्याच्याही नंतर. मग पाच ते दहा करायचं काय? तुम्ही-आम्ही एकटे असतो तर कुठेही चहा घेत बसलो असतो, पण सोबत गुडघेदुखीवाली आई आणि दिवसभर फिरून चिडचिडलेली दोन पोरं असली की हे पाच तास फार लांब होतात.

विजयनगरला असताना आमचं काय व्हायचं, तर राजवाड्यावरून संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे ६-७ किलोमीटर परत यायचं, खोलीत एसी लावायचा, बूट काढायचे, आणि एकदा बूट निघाले की संपलं. धाकटा टीव्हीसमोर आडवा, आई म्हणणार तुम्ही जाऊन या रे मी पडते जरा, मग आईला एकटं कसं ठेवायचं म्हणून बायको थांबणार, आणि शेवटी मी आणि मोठी मुलगी असे दोघंच सराफ्यात. फॅमिली ट्रिप म्हणून आलोय आणि पार्सलच्या पिशव्या घेऊन रात्री साडेबाराला कॅब शोधतोय. ती कॅब पण सराफ्यात येत नाहीच, जवाहर मार्गापर्यंत चालत जा, तिथे एक कॅन्सल करणार, दुसरा कुठल्या गेटवर उभे आहात विचारणार. गार झालेली खोपरा पॅटिस खोलीवर नेऊन खायला घातली तर आई म्हणाली, हे तर आपल्याकडे मिळतं तसंच आहे की. आता बोला! गरम पॅटिस फोडल्यावर आतल्या नारळाची जी वाफ येते तीच तर त्यातली गंमत आहे.

राजवाड्याजवळ राहिलो तेव्हा हे पाच तास आपोआप भरले. पाचला चालतच हॉटेलवर, तासभर पाय लांब करून आडवं, मग ज्याला जे हवं ते. बायको सीतलामाता बाजारात साड्या बघायला, मी पोरांना घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, आणि मावशी रामबागेतून रिक्षाने येऊन आईबरोबर खोलीत गप्पा मारत बसलेली. दहाला सगळे खाली उतरलो. कुणी कंटाळलं तर त्याला परत सोडून यायला दहा मिनिटं. आई तासाभरात दमली, मावशी तिला घेऊन वर गेली, आम्ही बाराच्या पुढेपर्यंत खात होतो. म्हणजे सगळ्यांनी एकदम जायचं आणि एकदम यायचं हे बंधनच राहत नाही, आणि माझ्या मते घरच्यांना घेऊन इंदूर करायचं असेल तर निम्मं काम तिथेच होतं.

आणि घाई नसली की खाण्याकडे नीट बघायला मिळतं. तिथली साबुदाणा खिचडीच घ्या. आपल्या लोकांचा पहिला आक्षेप ठरलेला, ही कसली खिचडी, ना तूप ना जिऱ्याची फोडणी. साबुदाणा वाफेवर ठेवलेला असतो, दाणा न् दाणा सुटा. तुम्ही मागितलीत की विकणारा एका भांड्यात तेवढाच काढून घेतो, वरून मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मूठभर बटाट्याचा फराळी चिवडा, चार हात मारतो आणि प्लेट पुढे. मऊ आणि कुरकुरीत एकाच घासात. आई पहिल्या घासाला काही बोलली नाही, दुसऱ्या प्लेटला तिखट जास्त घाल म्हणाली. हे पार्सल होत नाही, पाच मिनिटांत चिवडा मऊ पडतो. गराडूचंही तेच, तळून लिंबू आणि जीरावन (इंदूरचा भुरभुरायचा मसाला) मारलेले ते कंदाचे तुकडे उभ्या उभ्या चटके सोसत खायचे, आणि थंडीतच, मे महिन्यात जाऊन विचारू नका. शिकंजी मात्र आधीच सांगून ठेवा, आपलं लिंबू सरबत नव्हे, दुधाची घट्ट सुकामेवावाली असते, त्यामुळे एक ग्लास दोघांत पुरे.

बघायचंही बरंचसं त्याच टापूत. राजवाडा आतून बघाच, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, १९८४च्या आगीत बराच जळलेला आणि नंतर पुन्हा उभा केलेला, आणि आत होळकरांच्या मल्हारी मार्तंडाचं देऊळ. जेजुरीला जाणाऱ्या घरातली माणसं तिथे जरा जास्त वेळ रेंगाळतात असं मी पाहिलंय. शेजारी गोपाळ मंदिर, थोडं पुढे काच मंदिर, पलीकडे बडा गणपती. लालबागला मात्र रिक्षा करावी लागते.

छप्पनचं, म्हणजे छप्पन दुकान या खाण्याच्या गल्लीचं, मी मुद्दामच अजून काढलं नाही. ते दिवसभर चालू, गाड्यांना आत बंदी, बसायला जागा, राजवाड्यावरून ३-एक किलोमीटर आणि विजयनगरहूनही फार लांब नाही. जॉनीचं हॉट डॉग पोरांना कुठूनही जाऊन खाऊ घालता येतं, त्यासाठी राहायची जागा बदलायला नको.

राजवाड्याकडचे तोटे पण ऐकून घ्या, नंतर मला शिव्या नकोत. खोल्या लहान, काहींची खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. हॉर्न रात्री उशिरापर्यंत. नाश्ता हॉटेलात घेऊच नये असाच असतो, अर्थात खाली पोह्यांची गाडी असताना हॉटेलात नाश्ता कोण करतं हा वेगळा प्रश्न. आणि सामान! स्टेशनवरून येताना रिक्षावाल्याने आम्हाला कृष्णपुऱ्याच्या पुलाशीच थांबवून सांगितलं, भिया, इससे आगे नी जाएगी. बॅगा ओढत, माणसं चुकवत, आईचा हात धरून गेलो. स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर हाच त्रास दुप्पट, पार्किंग लांब आणि ती पुन्हा काढायची म्हणजे आणखी एक उद्योग. महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर असं रोज बाहेर पडायचं असेल आणि इंदूर फक्त झोपायला, तर मग विजयनगरच घ्या, तिथे माझं काही म्हणणं नाही. अगदी तान्हं मूल असेल तरीही तिकडेच बरं, झोपेचं खोबरं नको.

रंगपंचमीला जाणार असाल तर हे सगळं सोडून द्या. गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावरूनच जाते, रस्ते बंद, रंगाच्या मिसाइली अंगावर, एकदा आत अडकलात की अडकलात. तरुण मंडळींनी मुद्दाम तिथेच राहावं, आजी-आजोबांना घेऊन नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री झाक्या (चित्ररथ) निघतात तेव्हाही तसंच.

बाकी वेळेला मला विचाराल तर एक-दोन रात्रींसाठी राजवाडा, थोडं गैरसोयीचं धरून. फक्त बुक करताना फोटो बघून ठरवू नका, सरळ फोन लावा आणि विचारा की रिक्षा दारापासून किती लांब थांबते, आणि लिफ्ट आहे का, असली तर रात्री बारानंतर चालू ठेवतात का. दुसरा प्रश्न विचित्र वाटेल पण विचाराच, आमच्या एका हॉटेलात अकराला लिफ्ट बंद करून पोरगा झोपायला गेला होता आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत झोपलेल्या धाकट्याला खांद्यावर घेऊन मी चढलोय, पोटात सगळा सराफा घेऊन.