कफाचा खोकला: बाटलीचे नाव नव्हे, घटक पाहून निवड

साताऱ्यातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ‘छाती भरली आहे, खोकल्याचे औषध द्या’ असे सांगितले, तर पुढ्यात येणारी बाटली कफ सुटायला मदत करणारी असू शकते, तशीच खोकला दाबणारीही असू शकते. एकाच नावापुढे ‘एलएस’, ‘डी’ किंवा ‘डीएक्स’ अशी अक्षरे जोडून वेगवेगळ्या घटकांची औषधे विकली जातात, त्यामुळे गेल्या वेळी कोणत्या नावाने गुण आला हे आठवून औषध मागणे पुरेसे नाही. लेबलवरची बारीक अक्षरातली घटकांची यादी वाचूनच बाटली निवडावी.

बेडके पडत असतील, तर पहिला विचार कफ पातळ करणाऱ्या औषधांचा करावा. ब्रोमहेक्सिन, अँब्रोक्सॉल आणि ग्वायफेनेसिन हे त्यांतले नेहमीचे घटक. ब्रोमहेक्सिन हे आपल्याकडे कुंपणाला लावल्या जाणाऱ्या अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावरून तयार केलेले आहे, आणि शरीरात त्याचेच रूपांतर होऊन अँब्रोक्सॉल बनते. ही औषधे चिकट कफ सैल करतात. पण तो बाहेर टाकायला खोकला लागतोच, म्हणून औषध सुरू केल्यावर लगेच खोकला थांबला नाही याचा अर्थ ते निरुपयोगी ठरले असा होत नाही. त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षाही ठेवू नये, कारण सर्दीनंतरचा खोकला बहुधा तीन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतो आणि औषधाने मधल्या काळात थोडा आराम पडतो एवढेच. पोटात अल्सर असलेल्यांनी ही औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, आणि अंगावर पुरळ उठल्यास औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन यांचे काम याच्या अगदी उलट आहे. ती मेंदूकडून येणारी खोकल्याची प्रेरणा कमी करतात, त्यामुळे रात्रभर झोपू न देणाऱ्या कोरड्या खोकल्यात त्यांना काही जागा आहे. छातीत कफ साठलेला असताना मात्र तो बाहेर टाकण्याची वाटच ती अडवतात. कोडीनची सवय लागू शकते आणि श्वास मंदावण्याचा धोका असल्याने ते मुलांना देऊच नये. नैराश्यावरील काही गोळ्यांबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन घेणे धोक्याचे ठरते. कफ सैल करणारा आणि खोकला दाबणारा असे दोन्ही घटक असलेली बाटली दिसली, तर माझ्या मते ती परत करावी.

टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असलेले औषध श्वासनलिका रुंद करते. दमा असलेल्या माणसाला उसाचे फड पेटवल्याच्या धुराने छातीत घरघर सुरू झाली, तर डॉक्टर ते देऊ शकतात. पण घरघर नसताना त्याचा फायदा नाही आणि हात थरथरणे, छातीत धडधडणे हे त्रास मात्र होतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असलेल्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. क्लोरफेनिरामिनसारख्या ॲलर्जीवरील घटकाने कफ अधिक घट्ट होऊ शकतो आणि गुंगीही येते, त्यामुळे खंबाटकी घाटातून गाडी चालवत पुण्याला निघालेल्याने ते टाळावे.

मुलांच्या बाबतीत ही तुलना लागूच होत नाही. दोन वर्षांखालील बालकांना खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिली. त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ हे औषध घेतलेली बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, आणि त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. असे विष चवीने ओळखता येत नाही. म्हणून पावती घ्यावी, बॅच क्रमांक जपावा आणि शेजारच्या घरातली उरलेली बाटली मुलाला कधीही पाजू नये. वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी चमचाभर मध देणे अधिक सुरक्षित आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यातले मांघर तर मधाचे गाव म्हणूनच ओळखले जाते. वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाटली कोणतीही निवडली, तरी माप तिच्यासोबतच्या टोपणानेच घ्यावे. घरातले चमचे लहानमोठे असतात आणि प्रत्येकात 5 मिलिलिटरच मावते असे नाही. मधुमेह असल्यास साखरविरहित औषध मागावे. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा ताप उतरत नसेल, तर दुकानाऐवजी थेट डॉक्टरांकडे जावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी रुग्णालयांत मोफत होते.