सात महिने सर्पेंटाइन पट्ट्यावर: १९६७ ची कॅमारो, ३२७ इंजिन आणि ती चिवचिव

थंड इंजिन, चावी फिरवली की चीं-चीं-चीं. दोन मिनिटांनी पट्टा तापला की गप्प. तीन जुने व्ही-पट्टे काढून वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टीअरिंग पंप सगळं एकाच लांब, नागमोडी सर्पेंटाइन पट्ट्यावर चालवणारं किट बसवून सात महिने झाले, साडेतीन हजार मैल झाले, आणि त्यातले पहिले पाच महिने या आवाजातच गेले. विक्रेत्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच: "पट्टा मुरू द्या, पाचशे मैलांत बसेल." लोणचं मुरतं. ६-रिबचा, म्हणजे आतून सहा उभ्या धारांचा, पट्टा पहिल्या दिवशी ओरडला तर पाचशे मैलांनंतरही ओरडतो, फक्त तोवर परतीची मुदत संपलेली असते.

किट बिलेट अ‍ॅल्युमिनियमचं, छोट्या वॉटर पंपासाठीचं, सव्वीसशे डॉलरचं. एवढे पैसे मोजण्याआधी भंगारवाड्याचा पर्याय तपासून झाला होता. १९८८ ते ९५ च्या शेव्हीच्या पिकअपवरचे ओतीव ब्रॅकेट, टेन्शनरसकट (पट्टा ताणून धरणारा हात), दीडशे डॉलरात मिळतात आणि आयुष्यभर टिकतात. पण ते सिलिंडर हेडच्या तोंडावरच्या आट्यांवर बसतात, आणि स्मॉल ब्लॉकच्या (शेव्हीच्या ज्या व्ही-८ घराण्यातलं हे ३२७ आहे त्याच्या) हेडला ते आटे १९६९ पासून आले. १९६७ च्या हेडवर तिथे कोरं लोखंड. हेड बदलायचे नसतील तर सगळा संसार वॉटर पंपावर टांगणारं किटच घ्यावं लागतं. म्हणजे जुनी वस्तू जपायची हौस सव्वीसशेला पडली.

किट मागवण्याआधी दोन गोष्टी मोजाच. पहिली, पंपाची लांबी: ब्लॉकपासून हबच्या (पुली बसते त्या चकतीच्या) तोंडापर्यंत छोटा पंप साधारण ५.६ इंच, लांब पंप साधारण ७ इंच. कॅमारोवर छोटा १९६८ पर्यंत, पुढे लांब; पण पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल याचा नेम नाही, त्यामुळे गाडीच्या सालावर जाऊ नका, टेप लावा. दुसरी, पंपाच्या हबमधून पुढे आलेल्या दांड्याचा व्यास: ५/८ इंच की ३/४ इंच. पुलीचं भोक त्याच मापाचं हवं. लहान दांड्यावर मोठ्या भोकाची पुली चार बोल्टांवर बसते खरी, पण मध्यावर येत नाही आणि डोलते.

पंप कुठल्या दिशेने फिरतो हे त्याहून महत्त्वाचं. पट्ट्याची रिबवाली बाजू पंपाच्या पुलीवरून जात असेल तर पंप जुन्याच दिशेने फिरतो. पाठीची सपाट बाजू जात असेल तर उलटा. १९८४ ची कॉर्व्हेट आणि ते भंगारातले पिकअपचे ब्रॅकेट, दोन्हीकडे पंप उलटा फिरतो. उलट्या मांडणीवर सरळ फिरणारा पंप लावला तर पाणी जेमतेम हलतं आणि पहिल्याच चढावर काटा लाल होतो. इंजिनावर चालणारा पंखाही त्या दिशेचाच लागतो, नाहीतर तो हवा ओढण्याऐवजी रेडिएटरकडे ढकलतो. हे किट सरळ फिरणाऱ्या पंपाचं आहे, आणि जुना पंखा ठेवता आला ही त्याची सर्वांत काटकसरी बाजू.

बसवण्याचं काम एका शनिवार-रविवारचं. जुने पंपाचे बोल्ट तुटतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि नवे लावण्याआधी ३/८-१६ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) प्रत्येक भोकात हाताने फिरवा. निघालेला गंजाचा चुरा पाहिलात की टॉर्क रेंचवर विश्वास का ठेवायचा नाही ते कळेल; घाण आट्यात ३० फूट-पौंड आकडा येतो, पण बोल्ट आवळलेला नसतो. आट्यांना सीलंट लावा. पंपामागे गॅस्केट किटमधलंच, एकच. गळती नको म्हणून दोन गॅस्केट लावणारे खूप आहेत. इथे त्या जाडीइतके सगळे ब्रॅकेट पुढे सरकतात. ब्रॅकेटचे सगळे बोल्ट आधी हातानेच लावून घ्या आणि शेवटी आळीपाळीने आवळा. एक कोपरा आधी घट्ट केला की दुसऱ्या टोकाचं भोक अर्धा मिलिमीटर चुकलेलं असतं.

माहितीपत्रकात एका ओळीत गुंडाळलेली, पण इंजिन अडवू शकणारी गोष्ट म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरचं, प्रवाशाच्या बाजूचं वरचं भोक. ते थेट फ्युएल पंपाच्या दांड्याच्या नळीत उघडतं. एसीच्या कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचा खालचा पाय या किटमध्ये तिथेच येतो. बोल्ट जरा लांब पडला की तो दांड्याला दाबून धरतो, मग पेट्रोल येत नाही आणि माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो. सीलंट लावायचं विसरलं तर तिथून तेल झिरपतं. फ्युएल पंप काढा, भोकातून बोट घालून दांड्याच्या टोकाला टेकवा आणि क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायला लावा. दांडा बोटाला ढकलून परत मोकळा वर गेला पाहिजे. अडखळला तर बोल्ट काढून कापा.

स्टीअरिंग पंपाची पुली दाबून बसणारी आहे, तिला हातोडा दाखवू नका. बसवायचं हत्यार भाड्याने मिळतं. पुलीच्या हबचं तोंड दांड्याच्या टोकाशी सपाट आलं की थांबायचं. टायमिंगची खूण नव्या ब्रॅकेटमागे लपते, तेव्हा बॅलन्सरवरच्या (क्रँकच्या पुढच्या टोकावरची जड चकती) रेघेवर आधीच पांढरा रंग द्या.

अल्टरनेटर १४० अँपियरचा, एका तारेचा. मूळचा ३७ अँपियरचा होता, आणि मूळची तार त्याच हिशोबाची. नवा तसाच जोडला तर ती तार तापून वितळेल. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत ४ गेजची नवी तार, बॅटरीजवळ १७५ अँपियरचा फ्यूज, आणि बाहेरचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून बाद. याचा तोटा असा की डॅशवरचा चार्जिंगचा दिवा आता शोभेपुरता. दुसरा तोटा: चालू केल्यावर एकदा मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वर ॲक्सिलरेटर दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही.

ते सुरू झालं की मात्र सुख आहे. हेडलाइट, हीटरचा पंखा आणि ब्रेक लाइट सगळं चालू असताना ७०० च्या आयडलवर बॅटरीवर १४.१ व्होल्ट. पूर्वी याच अवस्थेत १२.३ यायचे आणि सिग्नलला दिवे पिवळे पडायचे. क्रँकची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या जवळजवळ तिप्पट आहे, त्यामुळे ७०० ला अल्टरनेटर २१०० वर फिरतो. ६००० पर्यंत इंजिन ताणणाऱ्यांनी हा गुणाकार वरच्या टोकाला करून पाहावा: १८००० येतात, आणि बहुतेक अल्टरनेटरची मर्यादा तिथेच असते. पूर्वीचे तीन व्ही-पट्टे दर दोन महिन्यांनी पहारीने ताणावे लागत. आता स्प्रिंगचा टेन्शनर ते काम करतो, आणि पट्टा काढायला रॅचेटचा एक झटका पुरतो.

आता ती चिवचिव. पहिला संशय पट्ट्यावर: नवा आणला, ४० डॉलर. मग टेन्शनरवर: ८५ डॉलर. दोन्ही खर्च फुकट, कारण पाच मिनिटांची आणि शून्य पैशांची चाचणी आधी केलीच नव्हती. इंजिन आयडलवर ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने रिबवाल्या बाजूवर साधं पाणी मारायचं. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी. आवाज काही सेकंद थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. इथे तो थांबला आणि परत आला. पट्टा काढून पाहिला तर प्रत्येक रिबची एकच बाजू काचेसारखी चकचकीत, आणि क्रँकच्या पुलीच्या एकाच कडेला काळी पूड.

रेषा तपासताना स्टीलची पट्टी पुलीच्या काठाला लावू नका, काठांची जाडी वेगवेगळी असते. पट्टीपासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर मोजा. अल्टरनेटर, कॉम्प्रेसर, स्टीअरिंग, वॉटर पंप चौघेही अर्ध्या मिलिमीटरच्या आत. क्रँकची पुली २.४ मिलिमीटर पुढे. फूटभर अंतराला दीड मिलिमीटर ही सहन होण्याची हद्द, आणि इथे पुल्यांमधलं अंतर फुटाहूनही कमी. या जागी येईपर्यंत मजकूर किटच्या नावाने खडे फोडणारा लिहून तयार होता. तो बदलावा लागला. चौघे पंपावरच टांगलेले असल्यामुळे त्यांचं आपसांत बरोबर जमलं होतं. क्रँकची पुली तेवढी किटवर अवलंबून नाही. ती बॅलन्सर जिथे थांबतो तिथे थांबते.

आणि बॅलन्सर पूर्ण बसलेलाच नव्हता. त्या काळातल्या बऱ्याच ३२७ च्या क्रँकच्या टोकाला बोल्टसाठी आटेच नाहीत. बॅलन्सर नुसता दाबून, म्हणजे व्यवहारात ठोकून, बसवलेला. त्याचा हब आतल्या टायमिंग गिअरला टेकायला हवा, कुणीतरी २.४ मिलिमीटर आधीच हात आवरता घेतला. व्ही-पट्टा एवढा तिरकेपणा पोटात घालतो. उथळ खाचांचा सर्पेंटाइन पट्टा घालत नाही.

ठोकून आत ढकलायचा मोह आवरा. प्रत्येक घाव मागच्या मेन बेअरिंगच्या थ्रस्टवर, म्हणजे क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या भागावर, जातो. क्रँक गाडीतच भोक पाडून आटा मारता येतो, रेडिएटर काढून: हबच्या मध्याला मार्गदर्शक बुश, २५/६४ इंचाचं ड्रिल, सुमारे दोन इंच खोल, मग ७/१६-२० चा टॅप, अर्धी फेरी पुढे आणि पाव फेरी मागे. किस बाहेर काढत राहा. मग बॅलन्सर ओढून बसवायचं हत्यार लावून तो आत ओढा. पाना हलका-हलका जात राहतो आणि मग एकदम दगडावर आदळल्यासारखा थांबतो, तिथे गिअर. जाड वॉशरसह बोल्ट ६० फूट-पौंडाला. पुन्हा मोजलं: ०.३ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी चार अंश तापमानात चावी फिरवली, आवाज नाही. दोन महिने झाले, अजून नाही.

तरी किटला पूर्ण गुण नाहीत. क्रँकला आटे आहेत का, बॅलन्सर तळाला टेकलाय का, ही दोन वाक्यं माहितीपत्रकात पहिल्या पानावर हवी होती. सगळं पंपावर टांगण्याची किंमतही आहेच. सहाव्या महिन्यात पंपाच्या खालच्या भोकातून थेंब पडू लागले. पूर्वी दीड तासात होणारा बदल आता चार तासांचा, कारण पंपाच्या आधी अल्टरनेटर, स्टीअरिंग पंप, टेन्शनर आणि सगळे ब्रॅकेट उतरवावे लागतात. कॉम्प्रेसरच्या नळ्या सोडू नका, तो तारेने बाजूला बांधून ठेवा, नाहीतर गॅस भरण्याचा खर्च वर.

पट्टा तुटला तर पाण्याचा पंपही थांबतो, हे तीन पट्ट्यांच्या दिवसांत इतकं सोपं नव्हतं. हल्लीचे पट्टे भेगा न पडता झिजतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. रिबची खोली मोजायचं प्लास्टिकचं माप पट्टेवाले फुकट देतात. जुना, म्हणजे उगाच बदललेला तो पहिला पट्टा आता डिकीत आहे. ६पीके २१४०, सोबत रॅचेट, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्ट्याच्या वळणांचं चित्र मार्करने काढलेलं.