सहा महिन्यांचा निवासी फायरमन कोर्स : अनुभव चांगला, बूट सोडून

बुटाचा सोल निघाला, म्हणून हे लिहायला घेतलं. कोर्स किती महिन्यांचा, फी किती, विषय कोणते हे माहितीपत्रकात आहे आणि चौकशी करणाऱ्यांनी ते पाठच केलेलं असणार. त्यात छापलेलं नाही तेवढं सांगतो. संस्था खाजगी आहे. नाव घेत नाही, कारण माझी अनामत रक्कम अजून त्यांच्याकडे आहे.

प्रवेशाच्या दिवशी सहीसाठी नियमपुस्तिका देतात. तिच्यात गणवेशाच्या पानावर एक ओळ आहे : ‘गणवेश, बूट व इतर साहित्य संस्थेच्या भांडारातूनच घेणे बंधनकारक राहील.’ खाकी ड्रेस दोन जोड, पीटीचा पांढरा ड्रेस, बेल्ट, टोपी आणि काळे अँकल बूट. नुसत्या बुटांचे १,८५० रुपये. पोलीस भरतीची पोरं घालतात ते डीएमएस बूट आमच्या तालुक्याला हजार-बाराशेत मिळतात आणि त्यांचा सोल थेट वरच्या चामड्यावर साच्यात ओतलेला असतो. भांडारातल्या बुटाचा सोल नुसता चिकटवलेला. वरून पॉलिश झकास. मी तिथंच सोलची कड नखाने जरा उचकून बघितली, तर आत सोल्युशनचा पिवळा थर. भांडारवाले काका म्हणाले, “नख नका लावू, नवा आहे तो.”

जानेवारीत घेतलेला बूट फेब्रुवारीत गेला. होज ड्रिल, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या पाइपाची कवायत, चालू होती. ६३ मिलिमीटरचा डिलिव्हरी होज, पंधरा मीटरची एक लांबी. तिच्यात पाणी भरलं की नुसतं पाणीच सेहेचाळीस किलोच्या वर जातं. ‘वॉटर ऑन’ झालं, होज ताठ झाला, ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, धरणाऱ्याच्या मागे मी पाय रोवून उभा. मैदानात चिखल. उजवा पाय पुढे टाकला तर पाय पुढे आला आणि सोल मागेच राहिला, टाचेला थोडासा धरून. उस्तादांनी, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांनी, शिट्टी मारून ड्रिल थांबवली नाही, कारण चार्ज झालेला होज असा मध्येच सोडता येत नाही. ‘नॉक ऑफ’ म्हणजे पाणी बंद होईपर्यंत मी त्याच पायावर उभा होतो. मोजा फाटला तो वेगळा.

ऑफिसात अर्ज दिला. ऑफिसातल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं की बूट ड्रिलमध्ये वापरला आहे, त्यामुळे बदलून मिळणार नाही. ड्रिलचा बूट ड्रिलमध्ये वापरला म्हणून. मी म्हटलं, मॅडम, तो लग्नात घालायला घेतला नव्हता. त्या हसल्या, पण अर्जावर पोच देईनात. पोच मी शेवटी मिळवली, तारखेसह, कारण आमच्या घरी बोअरच्या पाइपापासून मिक्सरपर्यंत कुठलंही भांडण पोच हातात आल्याशिवाय सुरू होत नाही.

तोवर अनवाणी फिरायचं का? स्टँडजवळ चप्पल-बूट दुरुस्तीचं खोपटं आहे, तिथल्या मामांनी जाड नायलॉन दोऱ्याने सोल गोल शिवून दिला. एकशेवीस रुपये दोन्ही पायांचे. डावा अजून निघाला नव्हता, पण तो काय थांबणार होता? मामांनी बूट उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, “चामडं बरं आहे हो. सोल दुसऱ्याच कुणाचा दिसतोय.” दुसऱ्या दिवशी सकाळी फॉल-इनला, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर, तपासणीत शिवणीचा पांढरा दोरा दिसला. ‘गणवेशात परस्पर बदल’ या कलमाखाली पन्नास रुपये दंड. संध्याकाळी दोऱ्याला काळं पॉलिश फासत बसलो.

एवढ्यावरून संस्थेला एक तारा द्यायचं ठरवलं होतं. मार्चमध्ये धुराच्या खोलीत गेल्यावर बाकीच्या नियमांबद्दल मत बरंच बदललं, म्हणून पुढचं लिहितो. बुटाबद्दल बदललेलं नाही.

दाढीचा नियम घ्या. रोज गुळगुळीत दाढी, रविवारीसुद्धा. पहिल्या महिन्यात यावरून वसतिगृहात बरीच कुरकुर होती. पॅरेडला शोभा यावी म्हणून असेल असं सगळ्यांना वाटायचं. मग बीए सेट आला, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा संच. पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. आमच्याकडे ६.८ लिटरचे सिलिंडर, ३०० बार दाबाने भरलेले, म्हणजे साधारण दोन हजार लिटर हवा. मिनिटाला चाळीस लिटर धरले तर कागदावर पन्नास मिनिटं. कागदावर म्हणतोय, कारण जिना चढताना, घाबरलेला असताना माणूस चाळीसवर थांबत नाही. मास्क पॉझिटिव्ह प्रेशरचा, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा जास्त, म्हणजे फट राहिली तर धूर आत शिरण्याऐवजी हवा बाहेर पळते. माझ्या जोडीदाराने दोन दिवस दाढी केली नव्हती, त्यामुळे मास्क चेहऱ्याला घट्ट बसला नव्हता. आम्ही एकाच वेळी आत गेलो, एकाच वेगाने भिंतीला हाताची पालथी बाजू लावत सरकलो, आणि त्याची कमी दाबाची शिट्टी माझ्या बरीच आधी वाजली. शिट्टी साधारण ५५ बारला वाजते. नियम असा की एकाची वाजली की दोघांनी बाहेर. म्हणजे त्याच्या खुंटांपायी माझी हवाही वाया गेली. बाहेर आल्यावर उस्तादांनी काहीच लेक्चर दिलं नाही, नुसतं दोघांचे गेज शेजारी धरून सगळ्यांना दाखवले. त्या संध्याकाळी वसतिगृहातल्या बेसिनला रांग लागली.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, हातातला गंडा यांवरची बंदीही तशीच. होजच्या कपलिंगचे लग, म्हणजे जोडावरची बाहेर आलेली टोकं, बोटाजवळून कसे जातात ते बघितलं की अंगठी आपोआप घरी जाते. एकाने आईने बांधलेला दोरा काढायला नकार दिला होता. त्याच्यावर दंड झाला नाही. उस्तादांनी त्याला तो पाकिटात ठेवायला लावला आणि पाकीट स्वतःच्या कपाटात ठेवलं. हे उस्ताद लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालेले, बोलायला कडक, पण या असल्या गोष्टी त्यांना नीट जमतात.

वैद्यकीय तपासणीवर ओरड करणाऱ्यांनी जरा थांबावं. रंगांधळेपणाची ठिपक्यांची चाचणी, चष्म्याचा नंबर, फिट येते का, उंचीवर चक्कर येते का, हे सगळं विचारतात ते बरोबरच आहे. मास्कच्या आत चष्म्याच्या काड्या घातल्या की पुन्हा फट. ज्याला चक्कर येते त्याने एक्स्टेन्शन लॅडरच्या शेवटच्या पायरीवर लेग लॉक घालून, म्हणजे पाय शिडीत अडकवून, दोन्ही हात सोडायचे कसे? माझी तक्रार एवढीच की फिटनेसचा दाखला जिल्हा रुग्णालयाचा मागतात आणि मग त्याच तपासण्या स्वतःच्या डॉक्टरकडे पुन्हा पैसे घेऊन करवतात. एकदाच करा ना बाबांनो. हमीपत्र पाचशेच्या स्टँपवर लागतं. शंभरचा स्टँप ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात गेला, त्याला संस्था काय करणार. पण त्या हमीपत्रात ‘प्रशिक्षणात इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असं वाक्य आहे, ते सही करण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा आणि विमा कोण काढतं ते तिथंच विचारा. आमच्या बॅचचा विमा होता, पण हे कुणी विचारल्याशिवाय कळलं नाही.

हजेरी नव्वद टक्के. मी याला कडक म्हणणार नाही. एक लॅडर ड्रिल चुकली की पुढच्या वेळी आपल्याबरोबर उभ्या राहणाऱ्या चौघांचा ताल जातो. रजेचा एकच मुद्दा गाजला तो १४ एप्रिलचा. त्या दिवशी रजा नाही, असं पुस्तिकेत ठळक छापलेलं आहे, आणि आमच्या बॅचमधल्या अर्ध्याहून जास्त पोरांच्या गावी त्या दिवशी जयंतीची मिरवणूक. अग्निशमन सेवा दिनही तोच. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली. आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. संस्थेने शेवटी सकाळी परेड आणि मानवंदना घेतली आणि अकराला सगळ्यांना सोडलं. निळे फेटे बॅगेत तयारच होते. परेडच्या खाकीतच पोरं एसटीत चढली. हा तोडगा पुढच्या वर्षी पुस्तिकेतच छापावा, म्हणजे एप्रिल उजाडला की दरवर्षी अर्ज लिहीत बसायला नको.

शिकवणं चांगलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. थिअरीच्या नोट्स इंग्रजीत, शिकवणं मराठीत, तोंडी परीक्षा दोन्हीत. तोंडीला मला विचारलं, पंप बारा मीटर खोल विहिरीतलं पाणी वरून ओढेल का? नाही ओढणार, हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर वर ढकलतो आणि प्रत्यक्षात सात-साडेसातच्या पुढे भरवसा नाही. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोनोब्लॉक मोटार दोरानं विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात, ती यासाठीच. हे सांगितलं तर परीक्षक खूश झाले. अनुभव असा कुठंतरी कामी येतो.

मे महिन्यात बुटाचा दुसरा अंक झाला. निम्म्या बॅचचे सोल निघाल्यावर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज दिला, खाली सह्या. संस्थेने मान्य केलं आणि नवे बूट मागवले, या वेळी शिवलेले. बदलून देण्याची अट अशी : जुना बूट ‘मूळ स्थितीत’ जमा करायचा. माझा शिवलेला. म्हणजे ज्यांनी फेव्हिक्विक लावून, दोरी बांधून, चालढकल करून दिवस काढले त्यांना नवे बूट, आणि ज्याने पदरचे एकशेवीस घालून बूट चालू ठेवला त्याला काही नाही. फेब्रुवारीच्या पोचपावतीची झेरॉक्स जोडून पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं नाही. मामांची शिवण मात्र जूनच्या शेवटच्या परेडपर्यंत टिकली आणि अजून टिकून आहे.

पुस्तिकेतले जे नियम आगीतून आले आहेत ते सगळे पटतात. जे भांडारातून आले आहेत त्यांच्यामुळे साडेतीनच्या पुढे तारे देत नाही.

आता चौकशी करणाऱ्यांसाठी, कारण प्रवेशाच्या दिवशी हे कुणी सांगत नाही. माझं वय सव्वीस, सरकारी कोर्सची मर्यादा उलटलेली, आणि मला हॉस्पिटल-मॉलमधली फायर टेक्निशियनची नोकरी हवी होती, म्हणून खाजगी संस्था चालली. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीच्या मालकाला यंत्रणा चालू असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, त्यामुळे ही कामं मिळतात. पण महापालिका-नगरपालिकेत जायचं असेल तर आधी जुन्या भरतीच्या जाहिराती काढून वाचा. बहुतेकांत राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा, म्हणजे सांताक्रूझच्या केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स मागतात. खाजगी प्रमाणपत्र तिथं चालतं का, हे संस्थेच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. जाहिरातीत शब्द काय आहेत ते बघा. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा बघा, तो रस्ता वेगळा.

उंचीचंही तसंच. आमच्या संस्थेत मुलांना १६५ सेंटीमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून पाच जास्त एवढं पुरलं. मुंबई अग्निशमन दलाच्या गेल्या मोठ्या भरतीत मुलांना १७२ आणि मुलींना १६२ मागितले होते, वर १९ फुटांवरून खाली धरलेल्या जंपिंग शीटमध्ये उडी आणि ५० किलोचा पुतळा खांद्यावर घेऊन धावणं. आमच्या बॅचमधले तिघे-चौघे १६८-१६९ चे, मुंबईचं स्वप्न घेऊन आलेले. फी भरायच्या आधी टेपने मोजायला दोन मिनिटं लागतात.

आणि लायसन्स. चालक-यंत्रचालकाच्या जागा निघतात त्यांना जड वाहनाचं लायसन्स लागतं, आणि ते काढायला हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष जुनं असावं लागतं. माझ्याकडे फक्त मोटारसायकलचं आहे. चारचाकीचं लर्निंग मागच्या आठवड्यात निघालं.